कुठं थांबलात, ते सांगा

प्रश्न असा आला आहे: "बाई, मी सोलापुरात पूर्व भागात राहते. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची झाली. मुलगी पाचवीत आहे, तिला रोज रात्री मुलांची एखादी कादंबरी वाचून दाखवते. ती झोपली तरी मी पुढं वाचत बसते. घरचे म्हणतात, पोरांची पुस्तकं कसली वाचतेस. मला ती का आवडतात हे धड सांगता येत नाही. दोन वर्षांपासून मीही कविता लिहायला लागलेय. वहीत चाळीसेक झाल्यात, कुणालाच दाखवल्या नाहीत. माझी मराठी शुद्ध नाही याची भीती वाटते. या कादंबऱ्यांचा आस्वाद कसा घ्यायचा, आणि माझ्या कविता कुणापुढं, कशा ठेवायच्या?"

ताई, तुम्हाला वाटतंय तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. माझ्या लेखी ती एकच आहे. मी एकोणतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातली बावीस वर्षं दर शनिवारी दुपारी मुलं गोळा करून कादंबऱ्या वाचल्या, आणि निवृत्तीनंतरही ते चालू आहे. महिन्यातून एकदा त्याच खोलीत मोठी माणसं आपापल्या कविता घेऊन बसतात. दोन्हीकडं मी एकच गोष्ट सांगते. गाण्याच्या बैठकीत जाणते लोक म्हणतात, "काय जागा घेतली!" अख्ख्या रागाचा निकाल कुणी देत नाही, एका जागेला दाद जाते. पुस्तक वाचताना आपण आपल्याला थांबवणारी जागा शोधायची, आणि आपली कविता ऐकवली की समोरच्याला त्याची जागा विचारायची.

आधी घरच्यांचं बघू. मोठा वाचक भिडस्त असतो. नावाजलेलं पुस्तक कंटाळवाणं निघालं तरी तो शंभर पानं रेटतो, कारण मध्येच सोडलं तर आपल्यालाच कळलं नाही असं वाटेल. मुलाला ही भीड नसते. दुसऱ्या पानावर मन लागलं नाही तर ते खिडकीबाहेर बघायला लागतं. म्हणून मुलांसाठी लिहिणाऱ्याला पसारा मांडायची मुभाच नसते. माणूस दारातून आत आला की तो कसा चालतो, हातात काय आहे, कुणाला घाबरतो, हे चार ओळींत उभं करावं लागतं. मुलगी झोपल्यावर तुम्ही पुढं वाचत बसता, तेव्हा तुम्ही याच कारागिरीच्या ओढीनं बसता. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

आता ते सांगायचं कसं. एक पेन्सिल जवळ ठेवा. मोठ्यानं वाचताना तुमचा आवाज जिथं आपोआप हळू झाला, जिथं मुलीनं मान वर केली, जिथं तिनं "परत वाच" म्हटलं, तिथं समासात एक बारीक टिंब द्या. वाचन थांबवू नका, काही लिहूही नका. दुसऱ्या दिवशी दुपारी टिंबं उघडून बघा आणि स्वतःला विचारा, इथं नेमकं काय आहे? एखादी वस्तू आहे का? कुणी बोलायचं थांबलं आहे का? लेखकानं सांगता आली असती अशी एखादी गोष्ट राखून ठेवली आहे का? एका कादंबरीत पंधरा-वीस टिंबं मिळतात. त्यांच्याबद्दल तुम्ही बोललात की तोच आस्वाद. "भाषा ओघवती आहे, संस्कारक्षम आहे" ही वाक्यं मी हजारो उत्तरपत्रिकांत तपासली आहेत. पुस्तक न वाचताही ती लिहिता येतात.

एक उदाहरण सविस्तर घेते, कारण ते तुमच्या घरात असणारच. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळातच ऐकायचं आहे. मी ते मुलांना एका बैठकीला एकच रात्र असं वाचते. दोन रात्री सलग वाचल्या की रडण्यावर रडणं चढतं आणि मुलं बधिर होतात. एक रात्र वाचून पुस्तक मिटलं की आठवडाभर ती त्यांच्या डोक्यात राहते.

त्यातली श्यामच्या पोहण्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. श्याम पाण्याला भितो, घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. पुढं तिचेच डोळे भरून येतात. मोठी माणसं हा भाग वाचून म्हणतात, बघा, आईनं कसं धीट केलं. आमच्या खोलीत एकदा हा भाग वाचला तेव्हा तिसऱ्या ओळीत बसलेल्या एका मुलानं विचारलं, "बाई, मारताना आईला पण भ्या वाटत असंल का?" मी थांबले. इतकी वर्षं ती गोष्ट शिकवूनही तिथं मी कधी थांबले नव्हते. श्यामला पाण्याची भीती, आणि आईला आपलं मूल भित्रं राहील याची. दोघंही घाबरलेले, आणि लेखकानं आईची भीती आपल्याला नुसती बघू दिली. मग मुलं आपापल्या गावच्या विहिरीवर गेली. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकानं कसं ढकललं, नाकातोंडात पाणी गेल्यावर वर कोण उभं होतं, हे सगळं निघालं. कोकणातली ती विहीर अक्कलकोट तालुक्यात येऊन पोचली. त्या दुपारी मी तात्पर्य विचारलं असतं तर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असतं, "आईचं ऐकावं," आणि आम्ही घरी गेलो असतो.

या पुस्तकाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. बाजारात त्याच्या कितीतरी आवृत्त्या दिसतात, त्यात संक्षिप्त, 'सोप्या भाषेत' केलेल्याही असतात. विकत घेताना अनुक्रमणिकेत रात्री बेचाळीस आहेत का ते मोजा. सोपी केलेली आवृत्ती शक्यतो घेऊ नका. मुलाला एखादा शब्द अडला तर ते विचारतं, आणि तेवढ्यासाठी तुम्ही शेजारी बसलेल्या असता.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अगदी वेगळ्या जातीचा. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याला शाळेत येतो आणि सायकलवरून संकटांच्या मागे सुटतो. गावाकडून शहरात आलेला हा किडकिडीत मुलगा आहे, ही त्याची खरी ताकद. शहरातल्या मुलांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. मुलं कथानक विसरतात, पण त्याचं "ट्टॉक!" विसरत नाहीत. वर्गात एकानं सुरू केलं की चाळीस "ट्टॉक" येतात. आस्वादाच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. एका आवाजात अख्खं पात्र आलं. तुमची मुलगी पुस्तक मिटल्यावर कुठला आवाज, कुठला शब्द, कुणाची चाल उचलून घरभर फिरते, तेही टिंबात धरा. (भागवत २००१ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क अजून बरीच वर्षं वारसांकडे आहे. फोनवरच्या गटांत फिरणाऱ्या पीडीएफ घेऊ नका. वाचनालयातून आणा.)

आणि तिसरं पुस्तक, जे मला कवितेकडं नेतं. 'तोत्तोचान' ही कादंबरी नव्हे, तेत्सुको कुरोयानागी यांच्या बालपणीच्या शाळेची खरी हकिकत आहे. जपानमध्ये ती १९८१ साली पुस्तकरूपानं आली, आणि मराठीतला अनुवाद आपल्याकडं मुलं कादंबरीसारखाच वाचतात. एका शाळेतून काढून टाकलेली छोटी मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या नव्या शाळेत येते. मुख्याध्यापक कोबायाशी आईला घरी पाठवतात आणि मुलीला म्हणतात, तुला काय सांगायचं ते सगळं सांग. ती बोलते, बोलतच राहते. बोलायचं संपतं तेव्हा जवळजवळ चार तास झालेले असतात. त्या चार तासांत ते एकदाही जांभई देत नाहीत. शनिवारच्या मुलांना ही जागा दरवर्षी थांबवते. त्यांना रेल्वेचे डबे आवडतात, पण ती गप्प होतात ते इथं. एक मुलगी म्हणाली, "इतकं ऐकणारं माणूस खरंच असतंय का बाई?"

ताई, कविता दाखवणं म्हणजे असं माणूस शोधणं.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी तिशीत असताना शहरातल्याच एका कविसंमेलनात कविता वाचली. अकरा कडवी होती. सुरुवातीला पाच मिनिटं ती मला कशी सुचली ते सांगितलं. टाळ्या पडल्या, कुणी "छान" म्हणालं, कुणी "भावपूर्ण". घरी जाताना मला काहीच हाती लागलं नव्हतं. बाहेर पायरीवर एक वयस्क गृहस्थ चप्पल घालत होते, आयुष्य कापड विणायच्या मागावर काढलेले. ते म्हणाले, "बाई, ती रिकाम्या कांडीची ओळ परत म्हणा की." मी म्हटली. त्यांनी मान हलवली आणि गेले. घरी येऊन कविता बघितली तर अकरा कडव्यांत डोळ्यांना दिसणारी वस्तू तेवढी एकच होती, मागावरची सूत संपलेली कांडी. बाकी सगळं 'वेदना', 'काळोख', 'वादळ' असं, कुठल्याही गावात कुणीही लिहावं तसं. दहा कडवी मी काढून टाकली. त्या चार ओळी आजही माझ्याजवळ आहेत.

तेव्हापासून आमच्या बैठकीत कवितेवर "कशी वाटली?" हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या प्रश्नाला सभ्य माणसाकडं "छान" एवढंच उत्तर असतं. आम्ही विचारतो, "कुठं थांबलात?" ऐकणारा एखादी ओळ सांगतो, कधी एखादाच शब्द. कुणी म्हणतं, "दुसऱ्या कडव्यानंतर माझं लक्ष गेलं." ते ऐकायला जड जातं, पण कामाचं असतं. कवीनं त्यावर खुलासा करायचा नाही, हा आमचा दुसरा नियम. कवितेला खुलासा लागत असेल तर तो कवितेत जायला हवा. लिहून घ्यायचं आणि घरी जाऊन बघायचं. पाच जण एकाच ओळीवर थांबले असतील तर ती ओळ सांभाळा. पाच जण पाच ठिकाणी थांबले तरी उत्तम. कुणीच कुठं थांबलं नाही तर कविता महिनाभर वहीत राहू द्या.

मुलांच्या कादंबऱ्यांनी तुम्हाला कवितेसाठी काय दिलं आहे तेही सांगते, कारण ते तुमच्याकडं आधीच आहे. त्यांनी तुम्हाला मुलाच्या उंचीवरून बघायला लावलंय. बैठकीत येणाऱ्या एका बाईंचं लहानपण विडी कामगारांच्या वस्तीत गेलं. त्यांनी आईवर कविता आणली होती, तिच्यात आई 'कष्टाची मूर्ती' होती, 'मायेचा सागर' होती. ऐकून कुणीच थांबलं नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, तुम्ही सहा वर्षांच्या होतात तेव्हा आई विड्या वळत असताना तुम्ही कुठं बसायचात? त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात हे घेऊन आल्या. त्यांच्या परवानगीनं देते:

अव्वाच्या मांडीवर सूप असतं,
म्हणून मी शेजारी बसते.
हजार मोजून झाल्या की
ती सूप खाली ठेवते
आणि मांडी रिकामी होते.

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबानं मिळते हे सोलापुरात सांगावं लागत नाही. पण त्या हजाराच्या पलीकडं एक मूल मांडीची वाट बघत बसलेलं असतं, हे पाच ओळींत कळलं. 'माया' हा शब्द त्यात कुठंच नाही. मोठ्या बाईनं मागं वळून लिहिलं तेव्हा 'कष्टाची मूर्ती' आली होती. सहा वर्षांच्या मुलीनं बघितलं तेव्हा सूप दिसलं. तुमच्या चाळीस कवितांपैकी प्रत्येकीला हा प्रश्न विचारा: हे बघणारा माणूस कुठं बसला आहे, आणि तिथून त्याला काय दिसतं? ज्यांना उत्तर देता येईल त्या बाजूला काढा. सात-आठ निघाल्या तरी पुष्कळ झाल्या.

आता तुमची भीती, मराठी शुद्ध नसण्याची. यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा हे एक. ते कुणाकडूनही अर्ध्या तासात दुरुस्त करून घेता येतं, त्यावर झोप घालवू नका. तुमच्या घरातलं बोलणं हे दुसरं, आणि त्याला हात लावू नका. इथं मी एक चूक केली आहे, ती अजून मनात आहे. सातवीतल्या एका मुलानं पावसावर कविता आणली होती. पहिली ओळ होती, "पाऊस यायलाय, पाऊस यायलाय." मी लाल पेनानं त्याचं "पाऊस येत आहे" केलं. त्यानं वर्गात ती दुरुस्त केलेली ओळ वाचली. 'यायलाय' धावत होतं, 'येत आहे' जागच्या जागी उभं राहिलं. त्या मुलानं मला पुन्हा कविता दाखवली नाही. सोलापूरच्या मराठीत शेजारच्या कानडीचा, तेलुगूचा, उर्दूचा सूर मिसळलेला आहे. तो सूर म्हणजे या गावाचा कान आहे, आणि कविता कानानंच लिहिली जाते.

या गावात हे नवं नाही. पेशवाईतले शाहीर रामजोशी सोलापूरचे. त्यांनी संस्कृत आणि मराठी एकाच लावणीत गुंफून डफ-तुणतुण्याच्या साथीनं फडावर लोकांपुढं ठेवली. आपल्याच काळात डॉ. लक्ष्मीनारायण बोल्ली यांची मातृभाषा तेलुगू होती. त्यांनी मराठीत कविता लिहिली आणि दोन्ही भाषांमध्ये अनुवादाची ये-जा चालू ठेवली. तुम्ही पूर्व भागात राहून मराठीत लिहिता तेव्हा तुम्ही या रस्त्यावरून चालणाऱ्या पहिल्या नाही.

पहिला श्रोता कोण असावा? घरातलं माणूस नको, निदान ज्याच्यावर कविता आहे ते तरी नको. सासूबाईंवरची कविता सासूबाईंना ऐकवली तर त्या कविता ऐकणार नाहीत, त्यांच्यावर काय लिहिलंय ते ऐकतील. शिक्षकही पहिला नको, आम्हाला दुरुस्त करायची सवय असते. कविता लिहिणारं माणूसही पहिलं नको, कारण ते मनातल्या मनात तुमची कविता स्वतःच्या पद्धतीनं लिहायला लागतं. वाचणारी, पण लिहिणारी नव्हे, अशी एक मैत्रीण शोधा. तिला तीन कविता ऐकवा. ऐकवा म्हणते, वाचायला देऊ नका. कारण कागद दिला की डोळे शेवटच्या ओळीकडं पळतात.

ऐकवण्याआधी ती कविता घरी एकटीनं मोठ्यानं चार वेळा वाचा. जीभ जिथं अडखळते तिथं शब्द जास्त झालेला असतो. बहुतेक वेळा पहिलं कडवं काढलं तरी चालतं, ते आपण स्वतःला तयार करायला लिहिलेलं असतं. शेवटच्या दोन ओळी झाकून बघा. त्यांत कवितेनं आधीच दाखवलेली गोष्ट पुन्हा समजावून सांगितली असेल तर त्या खोडा.

मग बैठक. शहरात कवींच्या बैठका भरतच असतात, वाचनालयांत, महाविद्यालयांत, कुणाच्या गच्चीवर. पहिल्या दोन वेळा नुसतं ऐकायला जा. जिथं लोक आपली कविता झाली की उठून जातात ती बैठक सोडा. जिथं कुणीतरी दुसऱ्याची ओळ आठवून परत म्हणतं तिथं पुन्हा जा. तुमची पाळी आली की दोनच कविता वाचा, दहा जणांनी आग्रह केला तरी. प्रस्तावना करू नका. फोनवर बघून वाचण्यापेक्षा कागद बरा. फोनचा पडदा मध्येच काळा होतो आणि लय तुटते. ओळीच्या शेवटी श्वास घ्या, मध्ये नको. छोटी कविता असेल तर दोनदा वाचा. पहिल्यांदा लोक तुमच्या आवाजाची सवय करून घेतात, कविता दुसऱ्यांदा ऐकतात.

फोनवरच्या गटांत टाकायची असेल तर घाई करू नका. सकाळी टाकलेल्या कवितेखाली दुपारपर्यंत वीस हात जोडलेले येतात आणि आपल्याला वाटतं, झाली पूर्ण. महिनाभर जाऊ द्या, मगच टाका. कवितेच्या खाली स्वतःचं नाव आणि साल त्याच मजकुरात लिहा, वेगळ्या संदेशात नको. पुढं पाठवताना वेगळा संदेश गळून पडतो आणि कविता निनावी फिरत राहते. कवितेवरचा हक्क ती लिहिली तेव्हाच तुमचा होतो, १९५७ च्या कायद्यानं त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तरी तारखेसह वही जपा.

मासिकांकडं पाठवायची तर एक कविता एका वेळी एकाच ठिकाणी. दिवाळी अंकांचं काम दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होतं, तेव्हा उन्हाळा संपता संपता पाठवलेली बरी. मुलांसाठीची कविता असेल तर 'किशोर' आधी वाचा. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. चार-पाच जुने अंक चाळले की मुलांसाठी लिहिणं म्हणजे 'छोटे छोटे', 'गोड गोड' नव्हे हे कळतं. 'साभार परत' आली तर ती कविता आठ दिवस बघू नका, मग टिंबवाल्या पेन्सिलीनंच वाचा. आणि पैसे भरा, तुमची कविता संग्रहात छापतो, असं कुणी म्हणालं तर थांबा. ते पैसे मुलीच्या पुस्तकांना लागतील.

मुलीबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तिच्यावर लिहिलेली कविता बाहेर वाचण्याआधी तिला विचारा. ती पाचवीत आहे, तिला मैत्रिणी आहेत. तिचं रात्री घाबरणं किंवा गणितात रडणं ही तिची गोष्ट आहे. ती नको म्हणाली तर ती कविता वहीतच राहील, दहा वर्षांनी पुन्हा विचारा. दुसरं, तुम्ही वाचताय हे बघून तीही एक दिवस काहीतरी लिहून आणेल. पाहुण्यांपुढं तिला म्हणायला लावू नका, आणि शुद्धलेखनाचं त्या दिवशी बोलू नका. तिला फक्त सांगा तुम्ही कुठं थांबलात. तिनं चार ओळी लिहिल्या असतील तर चौथ्या ओळीपर्यंत तिचं तोंड बघत ऐका. कोबायाशींनी चार तास दिले होते, आपल्याला चार मिनिटं लागतील.

तुमच्या कवितेत तेलुगू शब्द आला तर त्याचा अर्थ खाली द्यावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढं विचाराल. त्या बाईंनी 'अव्वा'चा अर्थ दिला नव्हता. खोलीत कानडी घरातले होते, त्यांना तो आपलाच वाटला. मराठी घरातल्यांना मांडीवरून कळला. फक्त एका पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, अव्वा म्हणजे आजी का? बाई म्हणाल्या, "आमच्यात आई." पाहुणे म्हणाले, "मग एकदा परत वाचा." त्यांनी परत वाचली.

शनिवारी दुपारी तीनला आम्ही बसतो. मुलीला घेऊन या. वही आणा, आणि पहिल्या पानावरच्या कविता राहू द्या. मधल्या पानांवरची एखादी, जी लिहून झाल्यावर तुम्ही पुन्हा उघडली नाहीत, ती वाचा.